दिवाळीनंतर निघा, मृगाआधी परत या: कोल्हापुरातून आशिया-ओशनियाचा सहा महिन्यांचा प्रवास

लांब प्रवास ठरवताना बहुतेक जण आधी देशांची यादी करतात आणि मग नकाशावर रेघ ओढतात. जपान, व्हिएतनाम, थायलंड, बाली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशी यादी तयार होते. रेघ मात्र आपल्या मर्जीनं ओढून चालत नाही. ती दोन गोष्टी ठरवतात: कुठं कधी पाऊस पडतो आणि कुठला व्हिसा हातात आल्यापासून किती दिवस चालतो. या दोन्हींचा मेळ घातला, तर कोल्हापूरकराला सोयीचा काळ आपोआप पुढं येतो. भाऊबीज उरकून निघायचं आणि मे महिन्याच्या मध्याला, पेरणीच्या गडबडीआधी घरी यायचं.

हा लेख नोकरीतून मोठी सुट्टी घेतलेल्या तरुणांसाठी आहे, तसाच निवृत्त जोडप्यांसाठीही. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना यातलं निम्मं लागणार नाही.

आधी रेघ ओढा

सुरुवात जपाननं करा. जपानचा एकवेळ प्रवेशाचा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो आणि अर्ज आपल्या देशातूनच करायचा असतो. ऑक्टोबरात व्हिसा काढून मार्चमध्ये जपानला पोचायचं म्हटलं, तर तो वाटेतच संपलेला असतो. चेरीचा बहर बघायचा हट्ट असेल तर जपानची वेगळी सहल करा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा काही कमी नाही. क्योटोतली मॅपलची झाडं तेव्हा लालभडक झालेली असतात आणि थंडी सोसवण्याइतकीच असते.

डिसेंबरात व्हिएतनाम. उत्तरेत हनोई, निन्ह बिन्ह आणि सापा कोरडे असतात, पण सापाच्या डोंगरात थंडी चांगलीच झोंबते. मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे ह्वे आणि होई आनकडे, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पाऊस असतो आणि पूरही येतात. दिवाळीच्या सुट्टीत होई आनचे कंदील बघायला गेलेले अनेक जण गुडघाभर पाण्याचे फोटो घेऊन परत येतात. मधला भाग टाळायचा तर हनोईहून थेट सायगाव, म्हणजे हो ची मिन्ह सिटी, गाठा. हनोई-सायगाव रेल्वे १,७२६ किलोमीटरची आहे आणि पूर्ण प्रवासाला तीस तासांहून जास्त लागतात. रेल्वेची हौस असेल तर जरूर बसा, नाहीतर विमान बरं.

सायगावहून बसनं कंबोडियात नॉम पेन्ह आणि तिथून सिएम रीप. अंगकोरला एक दिवस पुरत नाही. एका दिवसाचा पास ३७ डॉलरचा आणि तीन दिवसांचा ६२ डॉलरचा, तेव्हा तीन दिवसांचाच घ्या. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. ती उघडली आहेत की नाहीत हे बघत बसण्यापेक्षा सिएम रीपहून विमानानं लाओसमधलं लुआंग प्रबांग गाठणं शहाणपणाचं.

लुआंग प्रबांगहून मेकाँग नदीतून संथ बोटीनं हुआय सायला जाता येतं. प्रवास दोन दिवसांचा, मधे पाकबेंगला मुक्काम. नदी ओलांडली की थायलंड. एवढा वेळ पाण्यावर बसून काढायचा नसेल, तर डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेनं सुमारे दोन तासांत व्हिएन्टियान गाठा आणि पुलावरून थायलंडच्या नोंग खाईला उतरा. माझं मत बोटीच्या बाजूनं, पण पाठदुखी असलेल्यांनी रेल्वेच धरावी.

चियांग माई जानेवारीतच उरका. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तिथं शेतातलं आणि रानातलं जाळल्यामुळं धूर कोंडलेला असतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी त्या काळात उत्तर थायलंडचं नावही काढू नये. फेब्रुवारीत क्राबी-फुकेतचा, म्हणजे थायलंडचा अंदमान समुद्राकडचा, किनारा स्वच्छ असतो. तिथून बसनं हाट याई गाठायचं, मग रेल्वेनं पडांग बेसारच्या नाक्यावरून मलेशिया, मग पेनांग, क्वालालंपूर आणि सिंगापूर. चांद्र नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं. त्या आठवड्यात मलेशिया-सिंगापूरला भाडी चढतात आणि बरीच दुकानं बंद राहतात, म्हणून त्या वर्षीची तारीख बघूनच खोल्या धरा.

मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाचा दक्षिण भाग: सिडनी, मेलबर्न, टास्मानिया. उत्तर क्वीन्सलंडचा किनारा या मोसमात सोडा. साधारण नोव्हेंबर ते मे तिथल्या समुद्रात विषारी जेलीफिश असतात, शिवाय वादळांचा मोसमही एप्रिलपर्यंत चालतो. ग्रेट बॅरिअर रीफ हेच तुमचं मुख्य आकर्षण असेल, तर हा सगळा मार्ग तुमच्यासाठी नाही.

एप्रिलमध्ये न्यूझीलंड. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या लोकांच्याच सुट्ट्या असतात आणि सगळं महाग होतं. एप्रिलमध्ये दक्षिण बेटावर, ॲरोटाऊन-क्वीन्सटाऊनकडे, पानं सोनेरी होतात आणि भाडीही उतरतात. मेमध्ये बाली, तेव्हा तिथला कोरडा मोसम सुरू झालेला असतो. तिथून घरी.

बाली मार्चमध्ये घ्यावीशी वाटली तर नायेपीची तारीख बघा. बालीतलं शक वर्ष त्या दिवशी सुरू होतं, म्हणून तो दिवस आपल्या गुढीपाडव्याच्या आसपासच येतो. त्या दिवशी २४ तास विमानतळसुद्धा बंद असतो आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही.

पासपोर्ट

कोल्हापूर पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. साध्या कामासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही, शहरात टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. नवीन काढताना किंवा नूतनीकरण करताना ६० पानांचा मागा. ३६ पानांच्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आणि ६० पानांच्याचं २,०००. एवढ्या देशांच्या शिक्क्यांपुढं ५०० रुपयांचा फरक काहीच नाही. परतीच्या तारखेनंतरही सहा महिने मुदत उरली पाहिजे, म्हणजे निघताना हातात किमान एक वर्ष हवं.

पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असं सांगणारा, शिक्का आहे का तेही बघून ठेवा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर तो असू शकतो. थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया या तिन्ही देशांत नोकरीसाठी जाताना अशा लोकांना सरकारी परवानगी लागते. फिरायला जाताना ती लागत नाही, पण इमिग्रेशनवर जास्त प्रश्न येतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ असू द्या.

नावाचा घोळ आपल्याकडं फार होतो. पासपोर्टमध्ये स्वतःच्या नावापुढं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. विमानाचं तिकीट आणि ई-व्हिसा भरताना पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जसं छापलंय तसंच भरा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा पासपोर्ट एका नावावर आणि बँकेचं खातं दुसऱ्या नावावर असेल, तर निघण्याआधी चार महिने ते सरळ करून घ्या.

व्हिसा: आधी अवघड, मग सोपे

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपान हे तीन व्हिसे घरूनच काढायचे. बाकीचे जमेल तसे.

ऑस्ट्रेलियाचा पर्यटक व्हिसा, सबक्लास ६००, पूर्ण ऑनलाइन मिळतो. पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत. तुमच्याकडं पैसे आहेत आणि परत येण्याचं कारणही आहे, एवढंच त्यांना पटवून द्यायचं असतं. नोकरदार पगाराच्या स्लिपा, रजेचं पत्र आणि आयकर विवरण लावतात. शेतकरी काय लावणार? सातबारा, आठ-अ आणि साखर कारखान्याकडून खात्यावर जमा झालेली ऊसबिलं. हे चांगले पुरावे आहेत, फक्त मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतरकाराचं नाव, पत्ता आणि पात्रता त्यावर असू द्या. पैसे अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून आणून खात्यात टाकलेले दिसले, तर शंका येते. सहा महिन्यांची सरळ उलाढाल दिसायला हवी. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात करा. व्हिसा आल्यावर पत्रावर दोन तारखा बघा: कधीपर्यंत पोचायचं आणि एका वेळी किती राहायचं.

१८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये काम करत फिरायचा सबक्लास ४६२ व्हिसा खुला केला आहे. जागा वर्षाला १,००० आणि निवड सोडतीनं. लागला तर उत्तम, पण सगळं नियोजन त्यावर टांगू नका.

न्यूझीलंडचा व्हिसाही ऑनलाइनच, कागद जवळजवळ तेच. मधे फिजी घ्यायचं असेल तर तिथं भारतीयांना आधी व्हिसा लागत नाही, पोचल्यावर चार महिन्यांचा परवाना मिळतो. पण सिडनी किंवा ऑकलंडला फक्त विमान बदलायचं असलं, तरी आपल्या पासपोर्टला तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा फुकट आहे, पण काढावा लागतोच. एकवेळ प्रवेशाचा व्हिसा वापरून बाहेर पडलात आणि परत त्याच विमानतळावरून जायचं असेल, तर विमानात चढू देणार नाहीत.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो: एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०. कंबोडिया आणि लाओसचेही ई-व्हिसे आहेत. हे सगळे फक्त सरकारी संकेतस्थळावरून काढा. गूगलवर वर दिसणारी बरीच पानं एजंटांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

थायलंडनं जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला, पण ही मुदत कमी करायची चर्चा तिथं सतत चालू असते. मलेशियाची ३० दिवसांची सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहे. दोन्हींचं आजचं काय आहे ते तिकीट काढताना आणि निघायच्या आदल्या आठवड्यात परत बघा. दोन्ही देशांत पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन कार्ड भरावं लागतं आणि ते फुकट आहे. त्याचेही पैसे मागणारी पानं आहेत.

सिंगापूरला व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढतात. ऑस्ट्रेलियाचा चालू व्हिसा असेल आणि ९६ तासांच्या आत पुढं जायचं असेल, तर काही अटींवर तो माफ होतो. आपण क्वालालंपूरहून बसनं येणार असू तर या सवलतीवर विसंबू नका. इंडोनेशियात ३० दिवसांचा व्हिसा पोचल्यावर मिळतो, शुल्क ५ लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नका, साधारण तीन हजार रुपये होतात. बालीचा वेगळा दीड लाख रुपियाचा पर्यटक कर आधी ऑनलाइन भरता येतो.

इथंच एक इशारा. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची किंवा कस्टमर केअरची नोकरी, राहणं-जेवण फुकट, तिकीटही आम्हीच काढतो, असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात. अशा पोरांना सीमेपलीकडं म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना तिथून आणलं. पर्यटक म्हणून जाऊन नोकरी धरण्याचा कुणीही दिलेला सल्ला कानाआड करा.

पैसा

मध्यम राहणीचा अंदाज देतो. आग्नेय आशियात माणशी दिवसाला अडीच ते चार हजार रुपये धरा. जपानला सात-आठ हजार, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला नऊ ते बारा हजार. जोडप्याला खोली एकच लागते, म्हणून माणशी खर्च थोडा उतरतो. लांबची विमानं यात धरलेली नाहीत. पैसे कमी पडतायत असं वाटलं, तर ऑस्ट्रेलियातला एक आठवडा कमी करा आणि लाओसमध्ये दोन वाढवा.

दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं न्या आणि ती एकाच पाकिटात ठेवू नका. साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशात खर्च केला की बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास जादा आकार लावतात. हा आकार नसलेली कार्डं आता मिळतात, एक काढून घ्या. दुकानदाराच्या यंत्रानं रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात असं विचारलं, तर नेहमी स्थानिक चलन सांगा. रुपये म्हटलं की दर त्यांच्या मनाचा. थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त कापतात. म्हणून थोडे-थोडे न काढता एकदाच जास्त काढा.

नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत परकीय चलन नेता येतं. एवढं कशाला लागतंय? माणशी चारशे-पाचशे डॉलर, त्यातही कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा. कंबोडियात जराशी फाटलेली डॉलरची नोट कुणी हातात धरत नाही. यूपीआय सिंगापूरसारख्या काही ठिकाणी चालतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

कराचंही बघा. एप्रिल २०२५ पासून बाहेर पाठवलेल्या रकमेवर वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा कर, लागत नाही. तयार टूर पॅकेज घेतलं तर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो. कापलेली रक्कम विवरण भरताना वळती होते.

तिकिटं

जायचं टोकियो किंवा ओसाकाला आणि परत यायचं बालीहून, अशी दोन टोकांची वेगळी तिकिटं काढा. मुंबईला फेरफटका मारून यायच्या नादात पैसे जातात. मधली विमानं दीड-दोन महिने आधी घेतली तरी चालतात. मात्र प्रत्येक देशात शिरताना तिथून बाहेर पडायचं तिकीट दाखवावं लागू शकतं, आणि ते विमानतळाच्या काउंटरवरच विचारतात. बसनं बाहेर पडायचा बेत असेल तर बसचं तिकीट तरी हातात हवं.

स्वस्त विमान कंपन्या हातातल्या सामानाला सात किलोच देतात, स्कूट दहा देते. काट्यावर दोन किलो जास्त भरले की तिकिटाइतके पैसे जातात.

कोल्हापूरहून मुंबईला निघताना महालक्ष्मी एक्सप्रेसनं आदल्या दिवशी पोचा. उजळाईवाडीहूनही विमानं आहेत, पण सकाळचं देशांतर्गत विमान आणि दुपारचं परदेशचं विमान वेगवेगळ्या तिकिटांवर जोडू नका. पहिलं रद्द झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. बेंगळुरू रातोरात बसनं गाठता येतं. सिडनीला थेट विमान तिथून आहे, पण या मार्गात आपण ऑस्ट्रेलियाला सिंगापूरहून जातोय, त्यामुळं त्याची गरज पडत नाही.

जपानचा सरसकट रेल्वे पास आता डोळे झाकून घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योटो एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन आहे. हिशेब मांडला की बहुतेकांना सुटी तिकिटंच परवडतात.

औषधं आणि विमा

या टप्प्याकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, विशेषतः पन्नाशीनंतरच्या मंडळींकडून. रक्तदाब, साखर, थायरॉइडच्या सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून सरळ जपानला उतरायचं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं जपानमध्ये एक महिना पुरतील एवढीच सहज नेता येतात. जास्त न्यायची तर युन्यू काकुनिन-शो नावाचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं, अर्ज ऑनलाइन होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला तीन महिन्यांची मर्यादा आहे. तिथं पोचेपर्यंत तुमचा साठा तेवढाच उरलेला असेल, म्हणून खरी अडचण जपानचीच.

काही औषधं तर मुळीच नेऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल असलेल्या दुखण्याच्या गोळ्या. आपल्याकडं ही घराघरात असतात. जपान, सिंगापूर आणि इंडोनेशियात यावरून अटकेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. बाकीची औषधं मूळ पाकिटात ठेवा. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह, चिठ्ठी लिहून घ्या.

टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लसींबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. बालीत रेबीज आहे, तिथल्या देवळांतल्या माकडांशी सलगी नको. चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना.

प्रवासाच्या बऱ्याच विमा पॉलिसी एका सफरीला १८० दिवसांपर्यंतच असतात, म्हणून सफर त्यात बसवा. पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराचं काय आणि दुचाकी चालवताना अपघात झाला तर काय, हे दोन परिच्छेद शब्द न् शब्द वाचा.

गाडी

आंतरराष्ट्रीय परवाना कोल्हापूरच्या आरटीओतून मिळतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. जपान, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिजी इथं गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियात उजवीकडून. व्हिएतनाममध्ये आपला आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही. ‘आम्ही शाहूपुरीत स्प्लेंडर चालवतो, आम्हाला काय शिकवता’ हे बरोबर आहे, पण परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी एक रुपया देणार नाही.

न्यूझीलंडला मात्र गाडी घ्याच. दोन बेटांमधली फेरी वेलिंग्टन ते पिक्टन साडेतीन तासांची आहे, गाडी तिच्यात चढते. वाटेत कुठंही गाडीत झोपता येतं हा गैरसमज आहे. ठरलेल्या जागीच, आणि बहुतेक ठिकाणी शौचालय-सांडपाण्याची सोय असलेल्या प्रमाणित गाडीतच झोपता येतं.

कांदा-लसूण मसाला कुठपर्यंत?

कोल्हापूरचा माणूस आणि बॅगेत चटणीचा डबा नाही, असं होत नाही. जपानपासून मलेशियापर्यंत घरची चटणी खुशाल खा. सिंगापूरच्या आधी ती संपवा, कारण आपल्या मसाल्यात खसखस असते आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर अमली पदार्थांच्या कायद्याखाली निर्बंध आहेत. गुटखा आणि खायची तंबाखूही तिथं चालत नाही.

ऑस्ट्रेलियात नियम आणखी कडक. साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या खापरा भुंगेऱ्याच्या भीतीनं तिथं तांदूळ, डाळी, कडधान्यं, जिरे, धने, शेंगदाणे आणि सुक्या मिरच्या प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. संकेश्वरी मिरचीची पिशवी दारातच जाते. दुधाच्या मिठाया, म्हणजे पेढे, बर्फी, गुलाबजाम, यांनाही बंदी आहे. ओटीचा नारळ, कढीपत्ता, देवाचा हार, सुपारी यांपैकी काही बॅगेत राहिलंय का ते सिंगापूरच्या हॉटेलातच तपासा. शंका असलेली प्रत्येक वस्तू विमानात मिळणाऱ्या कार्डावर ‘होय’ म्हणून जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवली तर मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. न्यूझीलंडला जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे आणि चुकून राहिलेल्या सफरचंदालाही तो लागतो. बुटांना माती असेल तर तीही घासून काढा. कोल्हापुरी चपलेचं चामडं कमावलेलं असतं, अडवत नाहीत, पण तळ स्वच्छ हवा.

आणि चटणीवाचून अडतही नाही. सिंगापूरच्या सेरांगून रोडवर, क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समध्ये आणि सिडनीच्या हॅरिस पार्कात सगळं मिळतं. शाकाहारी माणसाची खरी पंचाईत थायलंड-व्हिएतनाममध्ये होते, कारण भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो. थायलंडमध्ये ‘जे’ आणि व्हिएतनाममध्ये ‘चाय’ अशी पाटी असलेली दुकानं शोधा. ‘जे’मध्ये लसूणही नसतो, त्यामुळं आपल्या जिभेला ते अळणी लागणार. मांसाहारी लोकांनी फक्त कशाचं मांस आहे ते विचारून घ्यावं.

मोबाइल आणि ओटीपी

प्रत्येक देशाचं ई-सिम पोचण्याआधी घ्या, स्वस्त पडतं. कोल्हापूरचं सिम मात्र फोनमध्ये चालू ठेवा आणि निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. ओटीपी आला नाही तर पैसे असूनही तिकीट काढता येत नाही. सिम बंद पडू नये म्हणून रिचार्ज सहा महिन्यांचा मारूनच निघा आणि दुसऱ्या बँकेच्या खात्याला जमलं तर घरच्या माणसाचा मोबाइल नंबर जोडून ठेवा.

पॉवर बँक हातातल्या पिशवीतच. १०० वॅट-तासांपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत, चालते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिजीत प्लगच्या पट्ट्या तिरक्या असतात, मलेशिया-सिंगापूरला तीन चौकोनी. सगळीकडं चालणारा एकच ॲडॉप्टर घ्या.

घर मागं ठेवताना

सराव म्हणून भरलेली सॅक पाठीवर घेऊन पहाटे जोतिबापर्यंत चालत जा. डोंगर चढून वर पोचल्यावर बॅगेतल्या कुठल्या वस्तू नकोत ते आपोआप कळतं.

वीजबिल, विम्याचे हप्ते, सोसायटीचा खर्च खात्यातून आपोआप जायची सोय करा. शेती असेल तर ऊसतोडीची पाळी तुमच्या गैरहजेरीतच येणार. कारखान्याच्या गट कार्यालयात भावाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर देऊन ठेवा आणि पाणी देणाऱ्या माणसाचे पैसे महिन्याच्या महिन्याला कोण देणार ते आधीच बोला. पासपोर्ट, व्हिसे, विमा आणि औषधाच्या चिठ्ठीच्या प्रती घरी एका फाइलमध्ये आणि स्वतःच्या ई-मेलवर ठेवा. पासपोर्ट हरवला तर त्या देशातल्या भारतीय दूतावासात जावं लागतं आणि आधी पोलिसांत तक्रार नोंदवावी लागते. तेव्हा ही प्रत सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

घरच्यांशी आठवड्यातला एक ठरावीक वार ठेवा, म्हणजे फोन आला नाही म्हणून रोज कुणी काळजी करत बसणार नाही. ऑकलंड आपल्यापेक्षा साडेसहा ते साडेसात तास पुढं असतं. तिथून फोन दुपारी करा, कोल्हापुरात तेव्हा सकाळचा चहा चालू असतो.